माळ्यावर काय ठेवतात?

मुंबईला जाऊन काय पाहिलंस, असं गावात जो भेटतो तो विचारतो. समुद्र पाहिला नाही. एकही नट पाहिला नाही. सात मजल्यांचा एक जिना पाहिला, आणि त्या जिन्यावरून जो राग घेऊन आले तो पंधरा दिवस झाले तरी उतरायला तयार नाही. यजमान म्हणाले, लिहून काढ, म्हणजे सुटशील. सव्वीस वर्षं शिक्षिका आहे, लिहून कुणी सुटत नाही हे मला माहीत आहे. पण निदान घरातली आदळआपट कमी होईल.

मी कऱ्हाडजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. गेल्या वर्षी शिक्षणावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेने पुण्यात कार्यशाळा घेतली. तिसरीच्या मुलांना वाचलेलं कितपत समजतं हे राज्यभर तपासायचं होतं, त्यासाठी छोटे उतारे आणि त्यावरचे प्रश्न हवे होते. मी ‘माळ्यावरची मनी’ लिहिला. मनी गायब होते, घरभर शोधाशोध होते, शेवटी ती माळ्यावर कांद्याच्या ढिगात पिल्लं घालून बसलेली सापडते. तो मी मांजराच्या आवाजासकट वाचून दाखवला आणि टाळ्या घेतल्या. एका तरुण बाईंनी शंका काढली, यातले शब्द सगळीकडच्या मुलांना कळतील ना? मी दोन्ही हात पसरून म्हणाले, “माळा कुणाला माहीत नाही?” पुन्हा टाळ्या.

उतारा निवडला गेला. पुढे मुंबईच्या उपनगरांत तपासनीस कमी पडत होते, तेव्हा मी स्वतःहून नाव दिलं. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, चार दिवस. मुख्याध्यापकांना सांगितलं, अनुभव मिळेल. खरं कारण असं की मुंबईची मुलं माझं मांजर वाचताना मला ऐकायचं होतं.

मुलुंड

मुलुंडला माझी नणंद राहते. त्यांच्या इमारतीच्या दारात राखणदाराने मला वहीपुढे उभं केलं. नाव लिहा, फोन नंबर लिहा, कुणाकडे आलात लिहा. आमच्याकडे पाहुणा पाणी पिऊन झाल्यावर कुठला ते विचारतात, इथे विचारून झाल्यावर आत घेतात. मग तो म्हणाला, “कितवा माळा?”

“आमच्याकडे एकच माळा असतो, भाऊ,” मी म्हणाले, “आणि तिथे आम्ही पाहुणे पाठवत नाही, कांदे पाठवतो.”

तो हसला नाही. त्याने वहीत नऊचा आकडा लिहिला. वर दार उघडताच मी नणंदबाईंना हे करून दाखवलं, राखणदाराच्या आवाजासकट. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, “वहिनी, इथं मजल्यालाच माळा म्हणतात.” मी म्हणाले, मग वन्सं, तुम्ही नवव्या माळ्यावर वाळत घातलेला कांदा. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हा विनोद तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवला नाही, आणि पुढचं सगळं तिथून बिघडलं.

जेवायला त्यांनी खास आपली आमटी केली होती. शेजार गुजराती, त्यामुळे हल्ली आमटीत गूळ जास्त पडतो. मी दोनदा वाढून घेतली आणि गुळाबद्दल ब्र काढला नाही, एवढी मी सभ्य आहे.

दुसऱ्या दिवशी तिथेच एका सभागृहात आमचं प्रशिक्षण. शिकवायला त्याच शंका काढणाऱ्या तरुण बाई. ऋजुता, पुण्याच्या, शिक्षणशास्त्रात डॉक्टर. बोलणं शांत, प्रत्येक वाक्य इस्त्री केलेलं. त्यांनी सांगितलं, तपासनिसाने मुलाला सुचवायचं नाही, मान हलवायची नाही, हसायचं नाही. चेहरा कोरा. मला हे नाटकातलं कामच वाटलं. मधल्या सुट्टीत मी स्वच्छतागृहाच्या आरशासमोर कोरा चेहरा बसवून पाहिला; बद्धकोष्ठ झाल्यासारखी दिसत होते.

उत्तरं टॅबमध्ये भरायची. उत्तरसूचीतलं उत्तर आलं तर ‘योग्य’. मूल गप्प बसलं तर ‘प्रतिसाद नाही’. आणि सूचीबाहेरचं काही बोललं तर ‘असंबद्ध’. दोन ‘असंबद्ध’ झाली की त्या मुलाचं नाव आपोआप, वाचनात मागे पडलेल्यांच्या विशेष वर्गाच्या यादीत जातं. गप्प बसलेल्या मुलाचं जात नाही, कारण ते लाजलेलं असू शकतं. हे ऐकताना मीही मान डोलावली. चेहरा कोरा ठेवायचा सराव तेव्हा कामाला आला असता.

घाटकोपर

टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या मराठी शाळेत माझी नेमणूक होती. तिसरीच्या वर्गशिक्षिका सुनंदा कांबळे, माझ्याच वयाच्या. वडील परभणीकडून येऊन इथे सफाई खात्यात लागले, मुलगी त्याच वस्तीतल्या शाळेत शिक्षिका झाली, हे त्यांनी मला फाटकापासून जिन्यापर्यंतच्या अंतरात सांगून टाकलं. जिना येईपर्यंत अहो-जाहोही संपलं होतं.

“हे बघ,” ती म्हणाली, “तुमचा तो टॅब-बिब तुमच्याकडे. माझ्या मुलांना घाम फोडू नको.”

मला एक रिकामी खोली दिली. मुलं एकेक येत होती. उतारा बरा वाचत, पण माळ्याचे प्रश्न आले की गप्प. मी खट्टू. माझं एवढं चांगलं मांजर आणि ही पोरं पंख्याकडे बघतायत. ‘प्रतिसाद नाही’, ‘प्रतिसाद नाही’ असं भरत मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोचले.

मग प्राची आली. दोन वेण्या, एकीलाच रिबीन. खुर्चीवर बसायच्या आत उतारा उचलला आणि धडाधड वाचला, मनीच्या जागी मांजराचा आवाज काढून. मी जिंकले. पहिला प्रश्न, मनी कुठे जाऊन बसली? “माळ्यावर.” योग्य. दुसरा प्रश्न.

“माळ्यावर काय ठेवतात?”

“माणसं.”

माझा कोरा चेहरा फुटला. मी हसले.

“आणि माळ्यावर जायला काय लागतं?”

“दम.”

खिडकीतली कबुतरं उडाली, एवढी मी हसले. सूचीत उत्तरं होती ‘कांदे, धान्य, अडगळ’ आणि ‘शिडी’. मला हसताना पाहून तीही हसली. तिला वाटलं, मस्त जमलं. मी तिच्या हातावर कंदी पेढा ठेवला आणि डाव्या हाताने टॅबमध्ये भरलं: असंबद्ध, असंबद्ध.

शाळा सुटल्यावर सुनंदाने मला खाऊगल्लीत नेलं. तिथे जिनी डोसा नावाचा प्रकार मिळतो. डोशात भाज्या, सॉस आणि किसलेल्या चीजचा डोंगर भरून त्याच्या सुरळ्या करून उभ्या ठेवतात. डोसा कुठे संपतो आणि पश्चात्ताप कुठे सुरू होतो ते कळत नाही. मी चवीने खात होते आणि माझ्याकडे ताजा किस्सा होता. तो मी सुनंदाला रंगवून सांगितला. प्राचीचा आवाज काढला, ‘माणसं’नंतर नेमकी थांबले, ‘दम’वर हात उडवला. बाजूच्या टेबलावरची दोघं हसली.

सुनंदाने हातातली सुरळी खाली ठेवली. “आणि तू लिहिलंस काय?”

मी सांगितलं.

“अगं, ती सातव्या माळ्यावर राहते. लिफ्ट बंद आहे, किती महिने ते मोजायचं लोकांनी सोडलं. रोज दप्तर घेऊन चढते ती. दम नाही तर काय लागणार तिला, शिडी?”

 तेवढ्यात सुनंदाच्या फोनवर विशेष वर्गाची यादी आली. यंत्राला जेवायची सुट्टी नसते. यादीत एकच नाव होतं.

“गप्प बसली ती सगळी वाचली,” सुनंदा म्हणाली. “बोलली तिची वाट लागली.”

मग तिने मला सांगितलं ते जसंच्या तसं सांगते, कारण माझा राग तिथे सुरू झाला. विशेष वर्ग या शाळेत नाही, हायवेपलीकडच्या शाळेत आहे. सोमवारपासून प्राचीला तिथे जावं लागणार. तिची आई अंधेरीच्या एका ऑफिसात साफसफाईला जाते, सकाळी सहाला घर सोडते. वडील नाहीत. ही शाळा घरापासून चार पावलांवर म्हणून पोर एकटी येते. हायवे ओलांडून एकटी जाणार नाही. मागे अशाच यादीतल्या दोन मुली आधी त्या वर्गाला आणि मग घरी गेल्या. घरीच आहेत.

“मुलीचं कल्याण करतायत,” सुनंदा म्हणाली. “चल, तुला माळा दाखवते.”

रस्ता रुंद करायला टेकडीवरची एक आळी पाडली, तिथली माणसं ज्या इमारतीत आणून ठेवली ती ही इमारत. लिफ्टच्या दारात कुणीतरी सायकल बांधली होती. जिन्याला खिडक्या होत्या, पण समोरची दुसरी इमारत हाताला लागेल इतक्या जवळ, त्यामुळे भर दुपारी अंधार. तिसऱ्या मजल्यावर मी हसायचा प्रयत्न केला. चौथ्यावर माझ्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा तुटला. पाचव्यावर मी पायरीवर बसले. सुनंदा वरून म्हणाली, “काय लागतंय?” मी उत्तर दिलं नाही. द्यायला तो शिल्लक नव्हता.

प्राचीची आई नुकतीच कामावरून आली होती. मूळची मालवणकडची, सासरे गिरणीत होते, गिरणी गेली, मग टेकडीवरचं घर आलं, मग तेही गेलं. आमच्याकडे अनोळखी बाईला आधी ओट्यावर बसवतात. इथे ओटा नाही, उंबरठ्याला लागूनच चूल. तिने मला खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर बसवलं आणि न विचारता घावन टाकलं. आम्ही यादीचं सांगितलं. तिने तव्यावरून नजर काढली नाही.

“माका सहाक निघूचा लागता,” ती म्हणाली. “हिका हायवेच्या पल्याड कोण सोडतलो?”

मी विचारलं, इथे किती वर्षं आहात? म्हणाली, साहेबांनी चावी देताना सांगितलं होतं, तात्पुरतं ठेवलंय. तेव्हा प्राची चालायला शिकत होती.

तात्पुरतं ठेवलंय. माळ्यावर काय ठेवतात, तर माणसं. पोरीने माझ्या प्रश्नाचं मराठीतलं सगळ्यात अचूक उत्तर दिलं होतं, आणि मी ते गावाकडे सांगायला मिळालेला किस्सा म्हणून पिशवीत टाकलं होतं. मुलुंडला राखणदाराने मला हाच शब्द विचारला, वन्संनी अर्थ समजावला, मी त्यावर कोटी केली, आणि दोन दिवसांत तो अर्थ मला एका मुलीच्या तोंडून कळू नये? घावन मऊ होतं, सोबत नारळाचा रस होता, आणि मी त्याचे नुसते तुकडे करत होते. प्राची माझ्या तुटक्या चपलेला सुतळी बांधत होती. तिला वाटत होतं, तिला पेढा देणारी बाई तिचं कौतुक करायला घरी आलीय.

अंधेरी

घाटकोपरहून अंधेरीला मेट्रो आहे. गार, गुळगुळीत; माझ्यासारख्या रागावलेल्या बाईला अगदी निरुपयोगी, कारण आदळायला दार नाही. सुतळी बांधलेल्या चपलेने मी संस्थेच्या काचेच्या इमारतीत शिरले. इथेही माळा विचारला. मी निमूट सांगितला. लिफ्ट चालू होती, तिचाही राग आला.

ऋजुताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये बोलल्या नाहीत, हे कबूल करते. मग म्हणाल्या, “उत्तर चूक आहे असं मी म्हणतच नाहीये, बाई. ते सूचीत नाहीये.”

“मग सूचीत घाला.”

त्यांनी समजावलं की पाहणी मध्यावर असताना सूची बदलली तर आधी तपासलेल्या जिल्ह्यांची उत्तरं आणि नंतरची उत्तरं एका मापाची राहणार नाहीत. पाहणी संपल्यावर दुरुस्ती करता येते, पुढल्या खेपेला. मी विचारलं, प्राचीला पुढल्या खेपेपर्यंत कुठे ठेवू? माळ्यावर? माझा आवाज चढला होता. काचेपलीकडची माणसं बघायला लागली आणि मला प्रेक्षक मिळाले की काय होतं ते गावाला माहीत आहे. मी उभी राहिले. मी विचारलं, हा असला उतारा मुंबईच्या पोरांना द्यायची अक्कल कुणाची?

ऋजुताबाई हळूच म्हणाल्या, “उतारा तुमचा आहे. मी तेव्हा विचारलं होतं तुम्हाला.”

विचारलं होतं. मी हात पसरले होते. टाळ्या पडल्या होत्या. मी खाली बसले. एवढा राग घेऊन एवढ्या लांब यावं आणि तो ठेवायची जागा आपल्याच पदरात निघावी, असा प्रवास मी तुम्हाला चिंतणार नाही.

 त्यांच्या टेबलावर तपासनिसांची नियमपुस्तिका होती. ती चाळता चाळता मला माझंच पान सापडलं. मी विचारलं, उत्तरपत्रिका रद्द कधी होते? त्या पाठ म्हणाव्या तसं म्हणाल्या, “तपासनिसाने सुचवलं, मदत केली, किंवा हसून वगैरे मुलाच्या उत्तरावर परिणाम केला तर.”

“मी हसले.”

“किती?”

“खिडकीतली कबुतरं उडाली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इस्त्री पहिल्यांदाच थोडी मोडली. “तुम्ही तसं लिहून दिलंत तर पत्रिका रद्द होईल, नाव यादीतून निघेल आणि राखीव उताऱ्यावर पुन्हा तपासणी होईल. पण मग तुम्हाला कुठल्याच पाहणीत पुन्हा घेता येणार नाही. तुमच्या शाळेलाही पत्र जाईल.”

मी लिहून दिलं. पेढ्याचंही लिहिलं. कबुतरांचं त्यांनी खोडायला लावलं. पुनर्तपासणीला दुसरं कुणी पाठवत नाही, मीच उद्या येते, एवढं त्या शेवटी म्हणाल्या.

पुन्हा घाटकोपर

ज्यांना बोरिवलीचं वर्णन हवं होतं त्यांनी मला माफ करावं. माझं नाव बोरिवलीच्या आधीच कापलं गेलं. चौथ्या दिवशी मी घाटकोपरच्या शाळेत गेले, तीही फाटकाच्या आतल्या पायरीपर्यंत. खोलीत जायची मला मनाई होती, आणि ती बरोबर होती.

राखीव उताऱ्याचं नाव मला माहीत होतं. ‘परसातली कोंबडी’. सांगलीकडच्या एका गुरुजींनी माझ्याच शेजारी बसून लिहिलेला. परस. टेकडीवर जन्मलेल्या आणि सातव्या मजल्यावर वाढलेल्या पोरीला परस. मी सुनंदाला सांगितलं. तिने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. “शब्द फोडून सांगू का तिला?” मी विचारलं. ती म्हणाली, “आणि पुन्हा रद्द झाली तर? तू एकदाच हसू शकतेस, यार.”

प्राची पायऱ्या उतरून आली. आज दोन्ही वेण्यांना रिबिनी. आईने सांगितलं असावं की काहीतरी महत्त्वाचं आहे. वरून तिचं नाव पुकारलं गेलं.

सव्वीस वर्षं मी वर्गात एकच वाक्य सांगत आले. चुकलं तरी बोला. माझ्या फळ्याच्या वर ते रंगाने लिहून घेतलंय, गावच्या पेंटरकडून. त्या दिवशी मी पायरीवर गुडघे टेकले, प्राचीचे खांदे धरले आणि म्हणाले, “बाळा, नक्की माहीत नसलं ना, तर गप्प बसायचं. काही बोलायचं नाही.”

तिने मान हलवली. हुशार मूल, एका सांगण्यात समजलं. सुनंदा दुसरीकडे बघत होती.

आम्ही दोघी थांबलो. सुनंदाने डबा उघडला, ज्वारीची भाकरी आणि लाल तिखट. गावी परतलेल्या आईच्या हातचं तिखट ती परभणीहून मागवते. मुंबईत मला एवढ्या चवीचं काही मिळालं नव्हतं, आणि खाताना मी इतकी संतापलेली होते की तिखटाने पाणी आलं की रागाने, ते सांगता येणार नाही. कुणाचा राग, तेही एव्हाना नीट सांगता येत नव्हतं. सूचीचा होता, यंत्राचा होता, बंद लिफ्टचा होता, चावी देणाऱ्या साहेबाचा होता. सगळ्यांत वरच्या माळ्यावर मी होते.

प्राची उड्या मारत खाली आली. मागून ऋजुताबाई. त्यांनी टॅब छातीशी धरला होता. म्हणाल्या, यादीत नाव जाणार नाही. आणि मग, कुणी न विचारता, त्यांनी सांगितलं की पाहणी संपली की दोन्ही उतारे त्या काढायला लावणार आहेत, त्यांच्या नावाने लेखी. मी हात जोडले. त्या माझ्या हातांकडे न बघता गेल्या. त्यांचाही चेहरा कोरा नव्हता.

“काय विचारलं गं?” सुनंदाने प्राचीला विचारलं.

“कोंबडी कुठे अंडं घालते. मी सांगितलं, परसात. लिहिलेलंच होतं.” मग तिने माझ्याकडे पाहून छाती फुगवली. “मग विचारलं, परसात काय काय असतं. तर मी गप्प बसले. मग अजून एक विचारलं. त्यालापण गप्प बसले. बरोबर ना, टीचर?”

मी म्हणाले, बरोबर. उरलेला पेढा तिला दिला. तिने तो तोंडात न टाकता मुठीत धरला आणि बराच वेळ पायाने पायरीवर रेघा ओढत राहिली.

“टीचर, पण परस म्हणजे काय?”

“सांग आता,” सुनंदा म्हणाली. “आता कोणी लिहून घेत नाही.”

मी पुन्हा पायरीवर बसले. मला सांगता येतं. मी हाताने घर काढलं, त्याचं मागचं दार काढलं, दाराबाहेर कढीपत्त्याचं झाड लावलं, धुण्याचा दगड ठेवला, कोंबडी सोडली, तिचा आवाजही काढला. प्राची हसली. मी म्हणाले, “परस म्हणजे घराच्या मागची मोकळी जागा.”

तिने विचार केला. एकदा शाळेच्या भिंतीकडे पाहिलं, एकदा टेकडीकडे, जिथे तिचं घर होतं आणि आता रस्ता आहे.

“मोकळी?” ती म्हणाली. “मग ती कोणाची असते?”

मी गप्प बसले.